पोर भाजली तर दोष आईचा, मग रस्ता अडवला तो दोष कुणाचा?



मागच्या पंधरवड्यात तालुक्याला आरोग्याची बैठक झाली. संघटनेचे आम्ही चौघं गेलो होतो. आपल्या एका पाड्यावरची चार वर्षांची पोर पेजेनं भाजली, तिचं प्रकरण आम्ही तिथं मांडलं. साहेबांनी ऐकून घेतलं, चहा प्यायले आणि म्हणाले, "पण आईबापाचं लक्ष कुठं होतं? तुमच्या लोकांना पोरांकडं बघायची सवयच नाही. काही झालं की आधी भगताकडं पळता, पोर बिघडली की आमच्या नावानं ओरडता."

खोलीतले बाकीचे लोक माना हलवत होते. आमच्यातला एक जण उठायला लागला, त्याला हात धरून खाली बसवला. उत्तर द्यायला गेलो तर म्हणाले, वेळ संपली. म्हणून ते उत्तर आम्ही इथं देतो. ज्याला वाचता येतं त्यानं पाड्यावर बसून बाकीच्यांना वाचून दाखवावं.

त्या दिवशी काय झालं

आधी दिवस सांगतो, तास धरून सांगतो. साहेबांना तास मोजायची सवय नाही, आम्ही मोजले.

सकाळी ९ वाजता. लावणीचे दिवस. आईबाप दोघं वरच्या प्लॉटवर. घरात ही पोर आणि तिची आठ वर्षांची बहीण. चुलीवर पेज. मोठीनं टोप उतरवायला घेतला आणि तो कलंडला. धाकटीचा उजवा हात, दंड आणि छातीची एक बाजू भाजली.

साडेनऊ. आई धावत खाली आली. तोवर शेजारणीनं टूथपेस्ट फासली होती.

१० वाजता. एक पोरगा टेकडी चढला, कारण पाड्यात फोनला रेंज नाही. १०८ ला फोन लागला. गाडी फाट्यावर येईल म्हणाले. त्याच्या पुढं गाडी येऊच शकत नाही, रस्ता नाही.

साडेदहा. बांबूला गोधडी बांधून डोली केली. मधल्या ओढ्याला पाणी होतं, ते उतरेपर्यंत तासभर काठावर थांबलो. पोर रडून रडून गप्प झाली होती. ते गप्प होणं आम्हाला जास्त भ्या वाटलं.

सव्वाबारा. फाट्यावर पोचलो. गाडी येऊन, वाट बघून, दुसऱ्या पाड्याच्या अडलेल्या बाळंतिणीसाठी निघून गेली होती. गाडीवाल्याला आम्ही दोष देत नाही. ती बाई पण आपलीच.

सव्वा वाजता. सातशे रुपये देऊन खासगी जीपनं प्राथमिक आरोग्य केंद्र गाठलं. डॉक्टर मीटिंगला गेलेले. सिस्टर एकट्या. त्यांनी सलाईन लावायला शीर शोधली, सापडली नाही. हात धुवून पट्टी केली, चिठ्ठी लिहिली आणि स्वतःच्या पाकिटातले शंभर रुपये आईच्या हातात दिले. त्या सिस्टरांचे आम्ही उपकार मानतो.

३ वाजता. ग्रामीण रुग्णालय. सर्जन नाही. वर विचारलं, भाजली की भाजवली? पोलिसांचा कागद आणा. बाप चौकीवर गेला, तिथं साहेब जेवायला गेलेले. त्यात दोन तास गेले.

५ वाजता. पुढची चिठ्ठी. "मोठ्या दवाखान्यात न्या."

रात्री साडेआठ. शहरातला मोठा दवाखाना. तिथं पोरीला पहिल्यांदा डॉक्टरनं हात लावला.

सकाळी ९ ते रात्री साडेआठ. साडेअकरा तास. पोर जगली. १९ दिवस तिथं होती. सोडताना सांगितलं, तिसऱ्या दिवशी पट्टीला या, बोटं हलवायचा व्यायाम करून घ्या. एका खेपेला दोघांचं भाडं चारशे रुपये, आणि इकडं लावणी अर्धी राहिलेली. दोन खेपा झाल्या, तिसरी नाही झाली. आता तिची तीन बोटं तळहाताला चिकटून वाकडी झालीत. भाकर डाव्या हातानं खाते.

हे प्रकरण. आता साहेबांच्या एकेक बोलाला उत्तर.

"आईबापाचं लक्ष कुठं होतं?"

लक्ष लावणीत होतं, साहेब. लावणी पंधरा दिवस चुकली तर वर्षाचं भात जातं. तुमच्या घरी पोर सांभाळायला बाई ठेवता. बहुतेक वेळा ती बाई पण आमच्याच पाड्यावरची असते.

आम्ही उलट विचारतो. चार वर्षांच्या पोरानं सकाळी ९ वाजता कुठं असायला पाहिजे? अंगणवाडीत. अंगणवाडी कुठं आहे? मोठ्या गावात, ओढ्याच्या पलीकडं, तीन किलोमीटरवर. पावसाळ्यात चार वर्षांची पोर तो ओढा ओलांडेल का?

सुप्रीम कोर्टानं १३ डिसेंबर २००६ ला हुकूम दिलाय: ज्या वस्तीत सहा वर्षांखालची ४० पोरं आहेत, तिनं मागितली की तीन महिन्यांत अंगणवाडी द्यायची. आदिवासी भागात तर १५० माणसांच्या वस्तीला मिनी अंगणवाडीचा नियम आहे. आम्ही दोन लागून असलेल्या पाड्यांची यादी केली. ४३ पोरं. अर्ज दिला, पोच घेतली. त्याला दोन पावसाळे झाले.

आठ वर्षांच्या बहिणीवर घर टाकून जावं लागतं, याला तुम्ही निष्काळजीपणा म्हणता. मग अर्ज दोन वर्षं फायलीत ठेवायला काय म्हणायचं?

आणि भाजणं एकच नाही. आपल्या पोरांचं वर्ष बघा. उन्हाळ्यात राब भाजतात तेव्हा आगीशी खेळून भाजतात. मोह वेचायला, मग आंबा-जांभळाला झाडावर चढतात, फांदी मोडून हात-पाय मोडतो. पाऊस लागला की साप आणि विंचू. भरलेल्या खदाणीत पोरं बुडतात. कापणीला विळा लागतो. दिवाळी झाली की घरं बंद करून आपण भट्टीवर जातो, भिवंडी, कल्याण, वसईकडं. तिथं पोरं तापल्या विटांत आणि ट्रकच्या मागं खेळतात. तिथं ना अंगणवाडी, ना शाळा, ना आपलं नाव कुठल्या दवाखान्याच्या यादीत. जखम ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी होते. लावणी कधी असते हे सरकारला माहीत आहे. साप कधी निघतो हेही माहीत आहे. मग त्याच महिन्यांत केंद्रात डॉक्टर आणि औषध का नसतं?

"आधी भगताकडं पळता"

त्या दिवशी कुणीही भगताकडं गेलं नाही. पाड्यापासून थेट फाट्यावर गेलो. तरी साहेबांनी भगत काढलाच, कारण भगत काढला की त्यांचं काम संपतं.

काही लोक जातात भगताकडं, आम्ही लपवत नाही. पण का जातात? भगत पाड्यात राहतो. रात्री दोनला हाक मारली तर उठतो. कागद मागत नाही. मीटिंगला जात नाही. तुमचं केंद्र रात्री उघडं ठेवा, आत माणूस ठेवा, फडताळात औषध ठेवा. मग बघा किती जण भगताकडं जातात.

आणि औषध असलं की काय होतं याचा दाखला आपल्या कोकणातच आहे. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर नोकरीला होते. विंचवानं पोरं मरत होती, लोक म्हणायचे नशीब. त्यांनी रात्र रात्र पोरांच्या उशाशी बसून बघितलं की विषानं हृदयावर काय होतं, आणि प्राझोसिन नावाची स्वस्त गोळी वापरून पोरं वाचवली. मोठं हॉस्पिटल नव्हतं, साधं केंद्रच होतं, जसं आपल्याकडं आहे. फरक एवढाच की तिथं डॉक्टर हजर होता.

सापाचंही तसंच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर एकच लस चालते. ती तालुक्याला असून उपयोग नाही, केंद्रात पाहिजे. पोर लहान म्हणून लस कमी द्यायची नसते, मोठ्या माणसाइतकीच द्यायची असते. विष अंगाचा आकार बघून कमी होत नाही.

रस्ता कुणी अडवला?

आता मूळ मुद्दा. फाट्यापासून पाड्यापर्यंतचा दोन किलोमीटरचा तुकडा. रस्ता मंजूर झाला होता. मशीन आलं होतं. फॉरेस्टवाल्यांनी अडवलं. "ही वनजमीन आहे. १९८० चा कायदा आहे. दिल्लीची परवानगी आणा."

साथींनो, हे खोटं आहे. नीट ऐका आणि पाठ करा.

२००६ चा वनहक्क कायदा. आपल्याला तो फक्त प्लॉटच्या सातबाऱ्यासाठी माहीत आहे. त्यातच कलम ३, पोटकलम २ आहे. तिथं सरळ लिहिलंय की १९८० च्या कायद्यात काहीही असलं तरी गावाच्या १३ कामांसाठी वनजमीन द्यायची. ती कामं अशी: शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, वीज आणि फोनच्या तारा, तळी, पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन, पाणी साठवायची कामं, लहान कालवे, सौर वगैरे ऊर्जा, धंद्याचं प्रशिक्षण केंद्र, रस्ता, समाजमंदिर.

अटी तीन. एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत. आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. मे २००९ मध्ये केंद्राच्या आदिवासी मंत्रालयानं पद्धतही ठरवून दिली: ग्रामसभेला निम्मे सभासद हजर, ठराव, मग जागेची पाहणी, आणि निर्णय डीएफओचा. डीएफओला मान्य नसेल तर प्रकरण जिल्हा समितीकडं. दिल्ली यात कुठंच नाही.

आम्ही टेप घेऊन हिशेब केला. दोन हजार मीटर लांब, चार मीटर रुंद. आठ हजार चौरस मीटर. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. म्हणजे आपला रस्ता हेक्टरच्या आत बसतो. पट्ट्यातली झाडं मोजली, ३१ निघाली. नियमानं साठ चालतात. आणि ही ३१ पण आम्हाला तोडायची नाहीत, वळण घेतलं तर निम्मी वाचतात.

कूप तोडायचा असतो तेव्हा ट्रक जंगलात कुठून जातो? तेव्हा रस्ता होतो. सागाच्या लाकडाला रस्ता मिळतो, भाजलेल्या पोरीला मिळत नाही.

कुणी म्हणेल, संघटना जमिनीची, तुम्ही दवाखान्याचं काय घेऊन बसलात? आम्ही म्हणतो, हे जमिनीचंच आहे. अंगणवाडी नाही कारण जागा वनजमीन. रस्ता नाही कारण जागा वनजमीन. फोनचा टॉवर नाही, तेच कारण. ज्या जमिनीवर आपण पिढ्यान्‌पिढ्या राहतो तिथं आपल्याला अतिक्रमण करणारे ठरवलं, म्हणून आपल्या पोरांना साडेअकरा तास लागले.

दवाखान्यानं परत पाठवायचं नाही, हा कायदा आहे

पोलिसांचा कागद आणा म्हणाले. १९८९ मध्ये परमानंद कटारा यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं: जखमी माणूस आला की आधी उपचार, पोलिसाचं नंतर. सरकारी डॉक्टर असो की खासगी, सगळ्यांना लागू. पोलिसांना कळवायचं असेल तर दवाखान्यानं कळवावं. जखमी पोरीच्या बापाला चौकीवर धाडायचं नाही.

दुसरा निकाल १९९६ चा. तो आपल्यासारख्यांनीच मिळवलाय. पश्चिम बंगालमधल्या शेतमजूर संघटनेचा एक सभासद १९९२ मध्ये गाडीतून पडला, डोक्याला मार लागला. कलकत्त्यात एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी जागा नाही, सोय नाही म्हणून परत पाठवला. शेवटी खासगीत खर्च करावा लागला. संघटना कोर्टात गेली. कोर्ट म्हणालं, वेळेवर उपचार नाकारणं म्हणजे घटनेच्या कलम २१ चा, जगण्याच्या हक्काचा भंग. सरकारला भरपाई द्यायला लावली. पैसा नाही ही सबब चालणार नाही असंही बजावलं. प्राथमिक केंद्रात रुग्णाला सावरण्यापुरते उपचार झालेच पाहिजेत, कुठं खाट रिकामी आहे ते आधी कळलं पाहिजे, पोचवायला गाडी पाहिजे, असं त्या निकालात आहे.

आता आपल्या पोरीचा दिवस परत वाचा. चिठ्ठीवर चिठ्ठी. एकानं तरी पुढच्याला फोन करून विचारलं का, सर्जन आहे का? खाट आहे का? शीर सापडली नाही, ठीक. पण मग गाडी करून द्यायला नको होती?

सरकार आकडे दाखवतं. आदिवासी भागात २० हजार माणसांना एक प्राथमिक केंद्र, ३ हजारांना उपकेंद्र. २०१४ मध्ये १०८ च्या ९३७ गाड्या सुरू केल्या, आत डॉक्टर. गाडीचा उपयोग आहे, ती फुकट आहे, तिला बोलवाच. पण गाडी डांबरावर चालते. आणि माणसं मोजून केंद्र दिलं तरी डोंगर कुणी मोजला? सपाटीवरचे दहा किलोमीटर आणि आपले दहा किलोमीटर एकच का?

आपल्यातलं पण बोलू

फक्त सरकारला बोललो तर हा कागद खोटा होईल.

टूथपेस्ट आपण लावली. राख, तूप, हळद, शाई, सगळं आपण लावतो. आमच्यातल्या निम्म्यांना पण हे चूक आहे ते माहीत नव्हतं. मोठ्या दवाखान्यात पट्टी करताना ती पेस्ट खरवडून काढली, तेव्हा पोर जी ओरडली ते आम्ही बाहेर ऐकलं.

दुसरं. डोली उचलायला बाप्ये लागतात. त्या दिवशी सकाळी साडेदहाला पाड्यावर सात बाप्ये होते, त्यातले तीन शुद्धीत नव्हते. आठवड्याच्या बाजारचा दुसरा दिवस होता. डोलीचा एक खांदा बायांनी दिला. बायांनी हे सभेत बोलून दाखवावं, आम्ही त्यांच्या बाजूनं उभे राहू.

तिसरं. दोन खेपा झाल्या आणि तिसरी राहिली, तेव्हा पाड्यानं चारशे रुपये काढले असते तर कदाचित बोटं सरळ राहिली असती. लग्नाला वर्गणी काढतो. संघटनेच्या मोर्चाला काढतो. या पोरीला काढली नाही. आम्ही कार्यकर्ते पण त्या दिवसांत दाव्यांच्या फायली घेऊन फिरत होतो, विचारायला गेलो नाही. ही आमची चूक आहे.

आता करायचं काय

पाड्यावर, आजपासून:

१) भाजलं की लगेच साधं गार पाणी, वीस मिनिटं ओतत राहायचं. बर्फ नाही, पेस्ट नाही, राख नाही, फोड फोडायचे नाहीत. स्वच्छ फडकं झाकून निघायचं.

२) साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. पाय-हात काठी बांधून हलू न देता डोलीत घ्यायचं, चालवायचं नाही.

३) हाड मोडलं तर चोळायचं नाही. दोन बांबूच्या पट्ट्या लावून बांधायचं. पाठीवर पडला असेल तर उचलताना चार जणांनी सपाट उचलायचं.

४) कुत्रं चावलं तर साबण लावून वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी इंजेक्शन. सगळी इंजेक्शनं पुरी करायची.

५) दर पाड्यावर एक पक्की डोली कायम बांधलेली, आणि आठवड्याला चार जणांची पाळी. पाळीच्या आठवड्यात दारू नाही.

ग्रामसभेत, पुढच्या अमावास्येच्या आत:

१) कलम ३(२) खाली रस्ता आणि अंगणवाडी, दोन वेगळे ठराव. किमान निम्मी माणसं पाहिजेत, म्हणून भट्टीवर जायच्या आधी सभा घ्यायची. बाया आल्याशिवाय सुरू करायची नाही.

२) पेसाचा पाच टक्के अबंध निधी ग्रामसभेचा आहे, आरोग्य हे त्यातलं एक काम आहे. त्यातून स्ट्रेचर, बॅटऱ्या आणि जखमी पोरांच्या गाडीभाड्याची तरतूद करून घ्यायची. ग्रामसेवक बसत नाही म्हणाला तर लेखी मागायचं.

३) केंद्रात साप-विंचवाचं औषध किती आहे ते दर महिन्याला फळ्यावर लिहावं असा ठराव. दोघांनी जाऊन बघायचं, वहीत लिहायचं.

४) कुणाला परत पाठवलं तर वेळ, जागा, कोण काय बोललं, लगेच लिहून ठेवायचं. चिठ्ठ्या फाडायच्या नाहीत. आपले साडेअकरा तास आम्ही चिठ्ठ्यांवरूनच मोजले.

ठरावांचे नमुने आमच्याकडं आहेत. पाड्याचा माणूस पाठवा, हातानं लिहून देऊ.

त्या पोरीच्या बोटांवर परत ऑपरेशन होऊ शकतं असं डॉक्टर म्हणाले. सरकारच्या योजनेत ते बसतं का, रेशन कार्ड घेऊन आम्ही पुढच्या सोमवारी तिच्या बापाबरोबर जाणार आहोत. भाड्याची वर्गणी सुरू केली आहे. पाच रुपये पण चालतील. काय झालं ते पुढच्या अंकात लिहू.

आणि साहेब, पुढची बैठक पाड्यावर घ्या. फाट्यापासून दोनच किलोमीटर आहे. पावसाळ्यात या.

ग्रामसभा जिंदाबाद! जंगल-जमीन आमच्या हक्काची!